काडी विझली म्हणजे छत सुरक्षित, असं नाही

वाचकाचं पत्र:

आम्ही घरावर एक खोली वाढवतो आहोत. छत पत्र्याचं आहे आणि दुपारी खोली भट्टीसारखी तापते. माझा धाकटा दीर हौशी आहे, सगळं काम स्वतःच करतो. एका बंद पडलेल्या गोदामातून त्याने पॅकिंगच्या थर्माकोलच्या जाड शीट आणल्या. त्या पत्र्याखाली चिकटवायच्या, फटींत स्प्रे फोम मारायचा आणि खालून पीव्हीसी पॅनेलचं फॉल्स सीलिंग करायचं, असा बेत आहे. वायरिंग त्याच पोकळीतून जाणार, दिवे पॅनेलमध्ये बसणार. निम्म्या शीट चिकटवून झाल्यासुद्धा. मी आगीचा विषय काढला तर त्याने माझ्यासमोर एका तुकड्याला काडी लावली. तुकडा आक्रसला आणि विझला. म्हणाला, “बघा वहिनी, पेटतंय का? आणि आत कोंडल्यावर हवाच नाही, मग पेटेल कसं?” त्या खोलीत सासू-सासरे झोपणार आहेत. घरात सगळ्यांना वाटतं मी उगाच खुसपट काढते. खरंच उगाच आहे का?

ता. क. उजेडासाठी छताच्या एका भागात ॲक्रिलिकची शीट घालायची आहे. ती चालेल ना?

उत्तर:

ताई, खुसपट नाही. काम थांबवा. चिकटवलेल्या शीट उतरवाव्या लागतील, आणि हे मी घरात वाद नको म्हणून गोड करून सांगणार नाही. त्या पोकळीतून अजून वीज सोडली नसेल तर सोडू नका. सोडली असेल तर त्या खोलीचं सर्किट आजच बंद करा आणि शीट उतरेपर्यंत बंदच ठेवा.

तुमचे दीर खोटं बोलले नाहीत. त्यांनी जे दाखवलं ते तसंच होतं, फक्त त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. ते साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, आणि त्यात बहुतेक भाग हवाच असल्यामुळे मऊ पडलं की आक्रसतं. काडीची ज्योत जवळ आली की तुकडा तिच्यापासून मागे सरकतो. ज्योत आणि माल यांची गाठच पडली नाही, म्हणून तो विझल्यासारखा दिसला. हातातल्या तुकड्याला मागे सरकायला जागा असते. छताला चिकटवलेल्या आख्ख्या शीटखाली काडी नसून जळणारा पडदा किंवा गादी असेल, तर ती शीट सरकून जाणार कुठे? ती वितळते, थेंब थेंब गळते, आणि ते थेंब पेटते असतात. खाली पडताना फर्र असा आवाज करतात, जिथे पडतात तिथे चिकटतात आणि तिथेच जळत राहतात. छताची आग अशी एका मिनिटात अंथरुणावर येते.

दुसरी गोष्ट, हा पॅकिंगचा माल आहे. बांधकामासाठी बनवलेल्या थर्माकोलमध्ये बहुधा ज्वालारोधक रसायन मिसळलेलं असतं. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणाऱ्या थर्माकोलमध्ये ते घालायचं कुणाला कारणच नसतं. दिसायला दोन्ही पांढरेशुभ्र. आणि ज्वालारोधक घातलेला मालसुद्धा छोट्या ज्योतीला दाद देत नाही इतकंच, भडकलेल्या खोलीत तोही जळतो.

आता थोडं गणित, कारण “इतकं हलकं ते, किती जळणार?” हा प्रश्न पुढे येईलच. खोली १२ चौरस मीटरची धरू, शीट ५० मिलिमीटर जाडीची आणि घनता घनमीटरला २० किलो. छताला चिकटलेला माल झाला १२ किलो. पॉलिस्टायरीन जळताना किलोमागे सुमारे ४० मेगाज्यूल उष्णता देतं, वाळलेलं लाकूड १६ ते १८. म्हणजे छतावर जवळजवळ ४८० मेगाज्यूल. एवढी उष्णता साधारण १५ लिटर पेट्रोलमध्ये असते. पेट्रोलचा कॅन सासऱ्यांच्या डोक्यावर टांगायला दीर तयार होणार नाहीत, हे मी त्यांना न भेटताही सांगू शकतो.

काडी लावून पाहण्याचा हा प्रकार काही घरगुती भोळेपणा नाही. मोठमोठ्या कारखान्यांनी त्यावर वर्षानुवर्षं धंदा केला. प्लास्टिकचा लहानसा तुकडा आडवा धरायचा, ज्योत लावायची, किती जळतो ते मोजायचं, आणि थांबला की मालावर ‘आपोआप विझणारा’ असा शिक्का मारायचा. १९७३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोम प्लास्टिक बनवणाऱ्या दोन डझनांहून जास्त कंपन्यांवर, त्यांच्या व्यापारी संघटनेवर आणि चाचणीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेवरसुद्धा याच कारणासाठी तक्रार दाखल केली. म्हणणं सरळ होतं: टेबलावरच्या चाचणीचा खऱ्या घरातल्या आगीशी संबंध नाही आणि ग्राहकाची दिशाभूल होते. पुढच्या वर्षी तडजोड झाली, ते शब्द वापरायचं बंद झालं आणि संशोधनासाठी कंपन्यांना पैसे द्यावे लागले. तेव्हा दिरांना सांगा, त्यांची चाचणी पन्नास वर्षांपूर्वीच नापास झाली आहे. आणि हो, हे वाचून “मग अंगणात मोठी शीट पेटवून बघू” असं त्यांच्या मनात आलं तर मुळीच करू देऊ नका. वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटलं की पुसून निघत नाही.

‘आत कोंडलंय, हवा नाही’ हा मुद्दा ऐकायला पटतो. पण पत्रा आणि पॅनेल यांच्यामधली जागा म्हणजे बंद डबा नसतो. पत्र्याच्या पन्हळीतून हवा येते, पॅनेलच्या जोडांतून येते, प्रत्येक दिव्यासाठी कापलेल्या भोकातून येते. उलट अरुंद पोकळीत आग जास्त वाईट वागते. ज्योतीला दोन्ही बाजूंनी अडवलं की ती हवा शोधत लांबत जाते. ब्रिटनमध्ये इमारतींच्या बाह्य आवरणाबद्दल जी मार्गदर्शिका वापरतात तिच्यात म्हटलं आहे की पोकळीत शिरलेली ज्योत मूळ लांबीच्या पाच ते दहा पट होऊ शकते, आणि त्यासाठी पोकळीत जळणारा माल असण्याचीही गरज नाही. तुमच्याकडे तर माल आहे. शिवाय खालचं पीव्हीसी पॅनेल ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. आग लागली की ते लोंबतं, सुटतं, खाली येतं, आणि ज्या हवेचा भरवसा होता ती पोकळीला मोकळी मिळते.

ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी नेमकं असंच झालं. टर्मिनलला लागून असलेल्या वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चाललं होतं. तप्त धातू सांध्यातून खाली गेला आणि छताच्या पोकळीतल्या पॉलिस्टायरीनच्या थराने पेट घेतला. खाली वावरणाऱ्या लोकांना बराच वेळ काही दिसलंच नाही, कारण आग फॉल्स सीलिंगच्या वर होती. १७ माणसं गेली, त्यातली बहुतेक धुराने. घरातल्या खोलीत हीच गोष्ट लहान प्रमाणात होते, फरक एवढाच की तिथे माणसं झोपलेली असतात.

आता तुमच्या घरात वेल्डिंग कोण करणार, असं म्हणाल. ठिणगीची गरज नाही, वायरिंग पुरतं. या सगळ्या बेतात मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

वायरवरचं पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून त्यात मऊपणा आणणारं तेलकट रसायन घातलेलं असतं. ही वायर थर्माकोलला टेकून राहिली की ते रसायन हळूहळू वायरमधून निघून थर्माकोलमध्ये उतरतं. जुन्या कामातून अशी वायर ओढून काढली की काय झालंय ते हाताला कळतं. थर्माकोलमध्ये वायरच्या मापाची खाच पडलेली असते, खाचेत चिकट पुटं असतात, आणि वायर बोटांत वाकवायला जावं तर कडक लागते, जुनी असेल तर आवरणाला बारीक चीर जाते. म्हणजे एका बाजूला तारेवरचं कवच कमजोर, आणि नेमक्या त्याच जागी जळाऊ माल अंगाला चिकटलेला. म्हणूनच जाणकार वायरमन थर्माकोलच्या शेजारून वायर नेताना ती पाइपातून नेतो.

त्यातच उष्णतेचा प्रश्न. वायरमधून करंट वाहिला की ती थोडी गरम होतेच, आणि ती उष्णता आजूबाजूच्या हवेत निघून जाते. चहूबाजूंनी इन्सुलेशन गुंडाळलं की जायला वाट राहत नाही. ब्रिटिश वायरिंग नियमांप्रमाणे अर्ध्या मीटरहून जास्त लांबीची वायर उष्णतारोधकात पूर्ण गाडली असेल तर तिची करंट वाहायची क्षमता निम्मी धरतात. पंखा आणि दिवे यांना फारसा फरक पडणार नाही. पण त्या तापणाऱ्या खोलीत उद्या एसी येणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पॅनेलमध्ये बसवलेल्या दिव्यांचंही तेच. दिव्याच्या पाठीमागे मोकळी हवा लागते, तिथे थर्माकोल किंवा फोम टेकला की दिवा आणि त्याचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारी छोटी डबी) आतल्या आत तापत राहतात. एलईडी गरम होत नाही हा गैरसमज आहे. काच गरम होत नाही, पाठ होते.

स्प्रे फोमबद्दल. तो पॉलीयुरेथेन असतो. फटी भरायला सोयीचा, मान्य. जळताना मात्र कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइट क्लबच्या भिंतींना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पॉलीयुरेथेन फोम चिकटवला होता. फेब्रुवारी २००३ मध्ये कार्यक्रमातल्या फुलबाज्यांनी तो पेटला आणि साधारण ९० सेकंदांत आत श्वास घेणं अशक्य झालं. १०० माणसं मेली. आगीच्या रेटिंगचा फोम मिळतो, बहुधा गुलाबी असतो, पण त्याचं रेटिंग ठरावीक रुंदीच्या आणि खोलीच्या फटीपुरतं असतं, ते डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. रंग गुलाबी म्हणजे काम झालं, असं नाही. आणखी एक, बऱ्याच डब्यांत फोम बाहेर ढकलणारा वायू स्वतः ज्वालाग्राही असतो, म्हणून मारताना खिडक्या उघड्या आणि जवळपास ग्राइंडर, सिगारेट काही नको.

पीव्हीसी पॅनेल या सगळ्यांत त्यातल्या त्यात बरं. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, त्यामुळे ज्योत काढून घेतली की ते सहसा स्वतःहून जळत राहत नाही. पण शेजारी थर्माकोल जळत असेल तर ज्योत काढून घेणार कोण? आणि तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो डोळ्यांना आणि घशाला असा झोंबतो की धुरात दरवाजा सापडत नाही. वयस्कर माणसांच्या खोलीत हे ध्यानात ठेवायला हवं. आजकाल गाद्या, पडदे, सोफे सगळेच कृत्रिम. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजने खोल्या सजवून पेटवून पाहिल्या, तेव्हा जुन्या पद्धतीच्या सामानाच्या खोलीला पूर्ण भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला, कृत्रिम सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत भडकली. सामान आपण बदलू शकत नसू, तर निदान छताने त्यात भर घालू नये.

मग मंजूर माल म्हणजे काय? इथे बहुतेक जण फसतात, दुकानदारसुद्धा. एकट्या मालाच्या मंजुरीला फारशी किंमत नसते. मंजुरी असते ती मांडणीला: अमुक जाडीचा थर, अमुक प्रकारे बसवलेला, त्यावर अमुक बोर्ड, आणि हे सगळं एकत्र पेटवून पाहिलेलं. त्यातला एक घटक बदलला की कागद रद्दी. युरोपीय पद्धतीत ए१ पासून एफ पर्यंत वर्ग असतात. ए१ म्हणजे न जळणारं. पुढे एस हे अक्षर धुराचं आणि डी हे जळत्या थेंबांचं. झोपायच्या खोलीच्या छताला मी डी०, म्हणजे जळते थेंब न गळणारं, हवंच म्हणेन. नुसतं ज्वालारोधक थर्माकोल साधारण ई वर्गात बसतं, तळाच्या एक पायरी वर. कुणी तुम्हाला ‘यूएल ९४, व्ही-०’ असा कागद दाखवला तर तो विद्युत उपकरणांतल्या प्लास्टिकच्या भागांसाठीचा असतो. स्विचच्या बटणाला तो शोभतो, छताला नाही. अमेरिकेत बोगद्यासारख्या भट्टीत जी चाचणी करतात तिच्यात वितळणारं प्लास्टिक छतावरून गळून भट्टीच्या तळाशी पडतं, आणि आकडा मात्र छान येतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका, चाचणी कशी बसवून केली ते विचारा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ साली आग लागली, ७२ माणसं गेली. तिथल्या बाहेरच्या पॅनेलमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलीएथिलीन होतं. चौकशी अहवालात माल बनवणाऱ्यांनी चाचण्यांची माहिती लपवल्याचंही नमूद आहे. कागदांची तिथे कमतरता नव्हती.

आता करायचं काय. खोली गार हवी ही दिरांची मागणी शंभर टक्के रास्त आहे, म्हणून नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही. पत्र्याच्या बाहेरून उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप द्या. ऊन आत येण्याआधीच अडवणं सर्वांत सोपं, आणि त्यात आगीचा धोका आत येत नाही. आतून लोखंडी फ्रेम करून तिच्यात रॉकवूल भरा, ती दगडापासून बनते आणि १००० अंशांपर्यंत वितळत नाही. खाली १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. आगीत आधी ते पाणी वाफ होऊन जावं लागतं, तोवर वरची बाजू फार तापत नाही. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या संहितेत फोम प्लास्टिक आणि राहती खोली यांच्यामध्ये साधारण एवढ्याच जाडीचा जिप्सम बोर्ड किंवा तितकंच संरक्षण देणारा थर सहसा सक्तीचा आहे, १५ मिनिटांच्या संरक्षणासाठी. बोर्ड स्क्रूने फ्रेमला मारायचा, चिकटवायचा नाही. फोमला चिकटवलेला बोर्ड फोम वितळला की अलगद खाली येतो. फ्रेमला हे वजन पेलेल का, ते एकदा इंजिनिअरकडून तपासून घ्या, बोर्ड थर्माकोलपेक्षा कितीतरी जड असतो. त्याच भेटीत बांधकाम परवान्याचं आणि विम्याचंही विचारून ठेवा.

थर्माकोलवर आगरोधक रंग मारू, अशी सूचना घरातून नक्की येईल. असे रंग ज्या पृष्ठभागावर तपासलेले असतात तिथेच काम करतात, आणि बरेच रंग पातळ करायच्या द्रावणाने थर्माकोल विरघळतं.

शीट उतरवताना ग्राइंडर किंवा हीट गन वापरू नका, पत्र्याच्या पातळ पट्टीने खरवडा. निघालेला माल जाळू नका. पोत्यात भरून जिन्याखाली तर मुळीच ठेवू नका, कारण बाहेर पडायची वाट तीच आहे. नव्या खोलीत आणि जिन्यावर धुराचा अलार्म बसवा.

दिरांशी बोलताना काडीवरून हुज्जत घालू नका. पूर्ण मांडणीचा चाचणी अहवाल दाखवा म्हणा, तो मिळाला तर मी गप्प बसेन. तो त्यांना कुठेच मिळणार नाही. फ्रेम आणि बोर्डाचं काम मात्र त्यांनाच द्या. ज्याच्या हातात एवढं कसब आहे त्याला दोन दिवसांत ते जमेल, आणि घरात कुणी हरल्यासारखंही वाटणार नाही.

तुमच्या ता. क. बद्दल. ॲक्रिलिक नको. ते पेटलं की लाकडासारखा कोळशाचा थर धरत नाही, संपेपर्यंत जळतं आणि गळतं. आइल ऑफ मॅनवरच्या समरलँड या करमणूक केंद्राच्या भिंती आणि छत मोठ्या प्रमाणावर ॲक्रिलिकचं होतं, ऑगस्ट १९७३ च्या आगीत तिथे ५० लोक मेले. उजेडासाठी लॅमिनेटेड काच सर्वांत चांगली. वजनाची अडचण असेल तर आगीचा वर्ग छापलेली पॉलीकार्बोनेट शीट, धातूच्या चौकटीत, दिव्यापासून लांब, आणि आकार लहान. शीट आणल्यावर तिच्यावरचा संरक्षक कागद बसवण्याआधी काढू नका आणि त्याचा फोटो घेऊन ठेवा. मालाचं नाव आणि ग्रेड बहुधा त्यावरच छापलेला असतो, तो निघाला की ॲक्रिलिक आणि पॉलीकार्बोनेट नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड.